तलवाड्यात एस्प्रेसो: मशीन बदलण्याआधी

घरी एस्प्रेसो करणाऱ्याला वर्ष-दोन वर्षांत एक प्रश्न पडतोच. आहे त्या मशीनमध्ये सुधारणा करायच्या, की ते काढून मोठे घ्यायचे? पुण्या-मुंबईतल्या जाणकारांचे उत्तर ठरलेले असते: आधी चांगला ग्राइंडर घ्या, मशीनचे नंतर बघू. उत्तर खरे आहे. पण ते देणाऱ्याच्या नळाला धरणाचे मऊ पाणी येते, त्याच्या घरात वीज सहसा एकाच दाबाने असते, आणि मशीन बिघडले तर रिक्षात घालून दुरुस्तीला नेता येते. गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यात यातले काहीच गृहीत धरता येत नाही. त्वरितादेवीच्या या गावात, किंवा मराठवाड्यातल्या अशा कुठल्याही मोठ्या गावात, प्रश्न सोडवायचा तर क्रमच वेगळा लावावा लागतो: आधी पाणी, मग वीज, मग दळण, आणि शेवटी मशीन. या लेखाचा सगळा जोर त्या क्रमावर आहे.

खेड्यात हा प्रश्न कोणाला पडणार, असे वाटण्याचे कारण नाही. २०२० नंतर पुण्यातली नोकरी घरून करणारी मुले गावोगाव परतली, आणि पुढेही अनेकांचे येणे-जाणे राहिले. त्यांच्या सामानात लॅपटॉपबरोबर कॉफीचे मशीनही आले. शिवाय वाफेच्या कॉफीची ओळख गावाला त्याआधीपासून आहे. लग्नाच्या मांडवात चकचकीत बॉयलर गॅसवर ठेवून, मगमधल्या दूध-साखर-इन्स्टंट कॉफीत वाफेची नळी बुडवून फेस आणणारा माणूस कोणी पाहिलेला नाही? त्या कॉफीत दाब फक्त वाफेचा असतो, एक-दीड बारच्या आतबाहेर. इटलीतही सुरुवात वाफेनेच झाली होती. तुरिनच्या आंजेलो मोरिओन्दो याने १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले, आणि विसाव्या शतकाच्या तोंडावर मिलानच्या लुइजी बेझेरा याने एकेक कप काढणारे यंत्र बनवले. वाफेने ढकललेले पाणी फार तापलेले असते, त्यामुळे कॉफी जळकट व्हायची. अकिले गॅजियाने १९३८ मध्ये वाफेशिवायच्या पद्धतीचे पेटंट मागितले, आणि युद्ध संपल्यावर स्प्रिंगच्या दांड्याने खूप मोठ्या दाबाने पाणी ढकलणारे मशीन बाजारात आणले. कपावरचा तो तपकिरी फेस, ज्याला क्रेमा म्हणतात, तेव्हा पहिल्यांदा दिसला. १९६१ मध्ये फाएमाच्या ई६१ ने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. आज घरातल्या मशीनकडून आपण मागतो ते एवढेच: साधारण ९ बार दाब, ९० ते ९५ अंशांचे पाणी, आणि शॉट, म्हणजे एक कप कॉफी काढणे, संपेपर्यंत दोन्ही स्थिर. सुधारणा म्हणून जे काही विकले जाते ते या तीन गोष्टींपैकी कशाला हात घालते, हे आधी विचारावे. बरेचदा कशालाच घालत नाही.

आता पाणी. तलवाडा बेसॉल्टच्या खडकावर वसले आहे. उत्तरेला गोदावरी तालुक्याची शीव धरून वाहते, पण घरातले पाणी बहुतेकदा बोअरचे किंवा विहिरीचे, खडकाच्या भेगांतून झिरपत आलेले. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊनच ते येते. गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, पातेल्याच्या बुडाला खरवडावा लागणारा थर बसतो, डाळ शिजायला वेळ लागतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी. म्हणजे माणसाला चालणारे पाणी मशीनला चालेलच असे नाही. कॉफीच्या जाणकार संस्थांची अपेक्षा विरघळलेले क्षार लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास, फार तर २५० पर्यंत, अशी आहे.

जड पाणी मशीनमध्ये नेमके काय करते हे समजून घेतले, की मग त्याच्यावर खर्च करायला हात आखडत नाही. पाणी तापले की त्यातले बायकार्बोनेट मोडते आणि कॅल्शियम कार्बोनेट चुन्यासारखे धातूवर बसते. वाफेच्या बॉयलरमध्ये तर पाणी वाफ होऊन जाते आणि क्षार मागेच राहतात, रोज थोडे दाट होत. छोट्या मशीनमध्ये बॉयलरऐवजी थर्मोब्लॉक असतो, म्हणजे तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातली अरुंद नागमोडी नळी. ती सगळ्यात आधी तुंबते. त्याआधी सेन्सरवर थर बसतो, त्यामुळे मशीनला पाणी थंड वाटते आणि ते जास्त तापवत राहते. कॉफी कडू लागायला लागते, मालक बिया बदलतो, मग ग्राइंडर बदलतो, शेवटी मशीन बदलतो. दोष पहिल्या दिवसापासून हंड्यात होता.

यावर गावात सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे आरओचा जार. वीस लिटरचा थंड जार आज मराठवाड्यात घरोघर येतो, आणि कॉफीला दिवसाला लिटरभरही पाणी लागत नाही, तेव्हा खर्चाचा प्रश्न नाही. पण नुसते आरओचे पाणीही मशीनला चांगले नाही. त्यातून जवळजवळ सगळे क्षार गेलेले असतात, आम्लाला आवरणारी क्षारताही गेलेली असते, आणि असे पाणी धातू हळूहळू खाते. काही मशीनमध्ये बॉयलर भरला की नाही हे पाण्यातून वीज वाहते का यावरून ठरते; अतिशुद्ध पाण्यात ती नीट वाहत नाही, आणि मशीन भरतच राहते. चवीचेही नुकसान होते, कॉफी आंबट आणि पातळ लागते. उपाय सोपा आहे. रॉबर्ट पाव्लिस या रसायनशास्त्राच्या अभ्यासकाच्या नावाने ओळखली जाणारी कृती अशी: क्षार काढलेल्या पाण्यात लिटरला १०० मिलिग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट. वीस लिटरच्या जारला दोन ग्रॅम झाले. ते मिळाले नाही तर खाण्याचा सोडा जारला १.७ ग्रॅम घातला तरी क्षारता तेवढीच येते. कॅल्शियम नसल्यामुळे थर बसत नाही, आणि क्षारता असल्यामुळे धातू खाल्ला जात नाही. जार भरणाऱ्यांचे पाणी दर वेळी सारखे नसते, म्हणून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, मोजायचे छोटे मीटर घरात ठेवावे. तीस-चाळीसच्या खाली आकडा असेल तर सोडा घालावा. दीडशेच्या वर असेल तर त्या जारवाल्याच्या आरओचे मेम्ब्रेन बदलायला आले आहे, असे समजून त्याला सांगावे. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत, ही गोष्ट मला डाचते. म्हणून कॉफीसाठी घरात वेगळा आरओ बसवावा असे मी सांगणार नाही. प्यायला येणाऱ्या जारमधलेच पाणी घ्यावे, आणि मशीन धुतल्याचे पाणी झाडाला घालावे.

जुन्या मशीनमध्ये थर बसलाच असेल, तर सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण फिरवून तो निघतो. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर द्रावण फिके ठेवावे आणि मशीनमध्ये फार वेळ सोडू नये. लिंबू पिळून काम होत नाही. त्याचा गर आणि साखर आतच राहते.

वीज हा दुसरा विषय, आणि तोही शहरातल्या सल्ल्यात येत नाही. रब्बीत शेतीपंप चालू झाले की संध्याकाळी गावातला विजेचा दाब पडतो, हे सांगायला वायरमन लागत नाही, पंखा सांगतो. तापवणाऱ्या कॉइलची ताकद दाबाच्या वर्गाने कमी होते. २३० व्होल्टला १४०० वॉट देणारी कॉइल १८० व्होल्टला साधारण ८६० वॉटच देते. म्हणजे चाळीस टक्के उष्णता गेली. त्याच वेळी कंप पावणारा छोटा पंप, जो घरगुती मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी असतो, तोही मंद होतो आणि दाब ९ बारला पोहोचत नाही. सकाळी सुंदर निघालेला शॉट संध्याकाळी पाण्यासारखा निघतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. दुसरीकडे रात्री उशिरा भार उतरला की दाब २५० च्या वर जातो, आणि मग इलेक्ट्रॉनिक पाट्या जळतात.

म्हणून मशीनच्या आधी दोन केव्हीएचा, वरच्या आणि खालच्या दाबाला तोडणारा स्टॅबिलायझर. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर या भाराला पुरत नाही. घरचा इन्व्हर्टर सहसा ९०० व्हीएच्या आसपास असतो. त्यावर १४०० वॉटचे मशीन लावायचे नाही, एकदाही नाही. आणि अर्थिंग. मशीनचे अंग धातूचे, आत पाणी आणि वीज शेजारी शेजारी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डा निकामी होतो. डीपीपाशी घागरभर पाणी ओतणारा शेतकरी हे जाणतो. घरच्या खड्ड्यातही मीठ-कोळसा घालून ओल ठेवावी, आणि स्वयंपाकघराच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. शॉट चांगला निघो न निघो, हे केल्याशिवाय कोणी मशीनचे झाकण उघडू नये.

पाणी आणि वीज जागेवर आली की मग शहरातला सल्ला खरा ठरतो, आणि दळणाकडे वळावे. नऊ बार दाबाखाली पाणी किती वेगाने जाईल हे मशीन ठरवत नाही, कॉफीचा दाबून बसवलेला थर ठरवतो. दळण ग्राइंडरच्या एका टिचकीने (क्लिकने) जाड झाले तर शॉट पंधरा सेकंदांत पळतो, एका टिचकीने बारीक झाले तर थेंबही पडत नाही. म्हणून ग्राइंडर घेताना तो किती बारीक दळतो यापेक्षा दोन टिचक्यांमध्ये अंतर किती, हे विचारावे. हाताने फिरवायच्या ग्राइंडरमध्ये टाइममोर सी२ फिल्टर कॉफीला उत्तम, पण एस्प्रेसोला त्याच्या टिचक्या फार मोठ्या. किंग्राइंडर के६ मध्ये एक टिचकी १६ मायक्रॉनची आहे, वन-झीप्रेसोच्या जे-अल्ट्रामध्ये ८ मायक्रॉनची. हे दोन्ही पन्नास-साठ हजारांच्या मशीनपाशी लाज न वाटता बसतात. अठरा ग्रॅम दळायला मिनिटभर हात चालवावा लागतो; लाइट नसली तरी चालतो. दिवसाला दोन-चार कप करणाऱ्या घरात विजेचा ग्राइंडर घ्यायची मला गरज दिसत नाही. पाहुणे सतत येणारे घर असेल तर डीएफ६४ सारखा, एका वेळचे दाणे घालून दळणारा, विचारात घ्यावा.

मार्च ते मे मराठवाड्यातली हवा इतकी कोरडी होते की दळलेली पूड स्थिर विजेने ग्राइंडरला चिकटते आणि ओट्यावर उडते. दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून ते हलवले की हा त्रास जातो. ओरेगॉन विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर हेंडन यांच्या गटाने २०२३ मध्ये मोजून दाखवले, की ओलाव्याने स्थिर वीज कमी होते, गुठळ्या कमी होतात आणि कॉफी जास्त उतरते. त्याच गटाचे २०२० मधले गणिती काम मला याहून मोलाचे वाटते. कॉफी जसजशी बारीक दळावी तसतशी जास्त उतरावी, हा समज एका मर्यादेपुढे खोटा ठरतो. फार बारीक दळणात पाणी सगळीकडून सारखे जात नाही. थोडे जाड दळावे, आणि वीसऐवजी पंधरा ग्रॅम घ्यावे, तर कप दर वेळी सारखा येतो आणि कॉफीही वाचते. कुरिअरने बंगळूरहून पाव-पाव किलो मागवणाऱ्याला ही बचत लागू आहे.

मशीनवर करायच्या सुधारणांत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी म्हणजे बास्केट. अगारो, मॉर्फी रिचर्ड्स, डेलॉन्गीची डेडिका अशा मशीनबरोबर जी जाळीची वाटी येते तिला खाली एकच बारीक छिद्र असते. दळण कसेही असो, त्या छिद्रातून जोराने बाहेर पडताना फेस होतो, आणि तो क्रेमासारखा दिसतो. दुकानातली तयार पूड वापरणाऱ्याला ही वाटीच बरी. पण ग्राइंडर आला की साधी, सगळीकडे छिद्रे असलेली वाटी घ्यावी. तिच्यात दळणाचे खरे-खोटे लगेच कळते. या मशीनची वाटी बहुतेकदा ५१ मिलिमीटरची असते, मोठ्यांची ५८, तेव्हा मोजूनच मागवावी. बरोबर एक छोटा डिजिटल काटा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. सोनाराकडे असतो तसला खिशातला काटा पुरतो. अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, पंचवीस ते तीस सेकंद, इथून सुरुवात करावी. डब्यावर १५ किंवा २० बार असे ठळक लिहिलेले असते तो पंपाचा कमाल दाब आहे, कॉफीवरचा नव्हे, आणि जास्त आकड्याने कप सुधारत नाही.

त्याच्या वरच्या पायरीवर गॅजिया क्लासिक उभे आहे. १९९१ पासून थोड्याफार बदलांनी चालत आलेले हे मशीन लोकांनी जितके उघडले, जोडले, सुधारले तितके दुसरे क्वचितच. आत एक छोटा बॉयलर, एक पंप, दोन थर्मोस्टॅट, एवढेच. पहिली सुधारणा दाबाची. जुन्या मशीनमध्ये दाब १२ बारच्या वर जातो. आतली स्प्रिंग बदलली की तो नऊवर येतो. नव्या इव्हो प्रोमध्ये नऊ बारची स्प्रिंग कारखान्यातूनच येते. दुसरी सुधारणा उष्णतेची. थर्मोस्टॅट एका अंशाला बंद आणि बऱ्याच खालच्या अंशाला चालू होतो, त्यामुळे पाणी दहा-पंधरा अंश वर-खाली होत राहते. पीआयडी नावाचा छोटा नियंत्रक क्षणाक्षणाला अंश मोजतो आणि कॉइलला तुटक तुटक वीज देऊन ते जागेवर धरतो. तिसरी, गॅजिउइनो हा लोकांनी मिळून उभा केलेला प्रकल्प, दाबसुद्धा शॉटभर हवा तसा बदलू देतो. पहिल्या दोन सुधारणा कराव्यात. तिसरी मनापासून आवडत असेल तरच. तलवाड्यात ती पाटी जळाली तर दुरुस्त करणारा तुम्हीच असाल.

मग मशीनच बदलायचे कधी? मोठ्या मशीनचे दोन फायदे असतात: कॉफी आणि वाफ एकाच वेळी, आणि उष्णतेची स्थिरता. हीट एक्स्चेंजर किंवा दोन बॉयलरचे मशीन ते देते. पण ई६१ पद्धतीचे जड पितळी डोके नीट तापायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि लाइट जाण्या-येण्याच्या वेळापत्रकात ती मिळत नाहीत. पाणी जास्त साठते, म्हणून क्षारही जास्त. लाखाच्या पुढचा खर्च करून घरात आणलेले मशीन मे महिन्यात झाकून ठेवावे लागणार असेल, तर ते इथे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. ब्रेव्हिलच्या बॅम्बिनोसारखी मशीन तीन सेकंदांत तापतात, म्हणून विजेच्या दृष्टीने ती बरी. पण आत इलेक्ट्रॉनिक्स दाट आहे, आणि बिघडल्यावर ते डब्यात घालून लांब पाठवावे लागते.

या सगळ्यात एक पर्याय फार कमी चर्चिला जातो, आणि तलवाड्याला तोच सगळ्यात जुळतो: हातमशीन. फ्लेअर, हाँगकाँगच्या कॅफेलाटचा रोबोट, वाकाकोचे पिकोप्रेसो. गॅसवर पाणी उकळायचे, वरच्या भांड्यात ओतायचे, आणि दांडा दाबून किंवा पंप मारून दाब आणायचा. वीज नाही, बॉयलर नाही, क्षार बसायला जागा नाही, व्होल्टेज पडण्याचा प्रश्न नाही. दाब किती हे हाताला कळते, काही नमुन्यांत घड्याळावरही दिसते. पहिल्या थेंबाला हलका हात, मग नऊ बार, शेवटी सैल, हे जे महागड्या मशीनमध्ये प्रोग्रॅम लिहून करतात ते इथे सहज होते. चांगला हात-ग्राइंडर आणि असे एक मशीन मिळून जो कप निघतो तो मी दुप्पट किमतीच्या विजेच्या मशीनपेक्षा वर ठेवीन, आणि हे केवळ गावापुरते म्हणत नाही.

त्याला वाफ नाही, ही अडचण मात्र खरी, कारण आपल्याकडे काळी कॉफी पिणारा घरात एखादाच. गॅसवर ठेवायचे, वाफेची नळी असलेले छोटे भांडे बाजारात मिळते. सेफ्टी व्हॉल्व्ह तपासून तेच घ्यावे. दूध मात्र गावात सोन्यासारखे आहे. म्हशीच्या दुधात सहा टक्क्यांच्या पुढे स्निग्धांश, प्रथिनेही गाईच्या दुधापेक्षा जास्त. कॉफी दाट आणि गोडसर लागते. धारोष्ण दूध तसेच वापरायचे नाही. उकळावे, फ्रिजमध्ये पूर्ण गार करावे, साय पूर्ण काढावी, आणि मग वाफ द्यावी. ६० ते ६५ अंशांवर थांबावे, भांड्याला हात लावून धरवेनासे झाले की झाले. नासायला आलेल्या किंवा उन्हात राहिलेल्या दुधाला फेस येत नाही, कितीही चांगली वाफ असो.

दाण्यांचे थोडक्यात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, आणि तीही थोडी. बाकी बहुतेक सगळी कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतून. भारतीय कॉफीचा सगळ्यात मोठा ग्राहक वर्षानुवर्षे इटली आहे, आणि तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत आपला रोबस्टा आणि मॉन्सून्ड मलबार जातो. तेव्हा दुधातल्या एस्प्रेसोसाठी रोबस्टा मिसळलेले दाणे घ्यायला संकोच नको. भाजल्याची तारीख पाकिटावर असावी. बेचाळीस अंशांच्या उन्हात पाकीट उघडे राहिले तर आठवड्यात वास उडतो, म्हणून आल्याबरोबर चार-पाच दिवसांच्या पुड्या करून फ्रीजरमध्ये टाकाव्यात आणि एकेक पुडीच बाहेर काढावी.

विजेचे मशीन ठेवणाऱ्याने सुटे भाग आधीच आणून ठेवावेत, कारण लाइट आणि कुरिअर दोन्ही एकाच आठवड्यात बंद राहू शकतात. गॅजियासाठी डोक्याचे रबरी गॅस्केट दोन, शॉवरची जाळी एक, २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा उल्का कंपनीचा पंप एक, आणि थर्मल फ्यूज. एवढे भाग डब्यात असतील, तर मिक्सर आणि मोटारी दुरुस्त करणारा गेवराईचा कोणताही चांगला मिस्त्री हे मशीन अर्ध्या तासात उभे करू शकतो. मशीन पहिल्यांदा उघडाल तेव्हा त्याला शेजारी बसवा, तारांचा फोटो काढून ठेवा, आणि कोणती तार कुठून काढली ते त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या.